भट्टीचा पांढरा धूर आणि वीस हजारांचं कर्ज



मागच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिताना आमचं पेन अडलं. कर्जाचं कारण काय लिहायचं? शेळी, शिलाई मशीन, धानाची रोवणी, ही नेहमीची कारणं. या वेळी गटातल्या एका ताईंची लेक एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रकल्पासाठी सहा महिने बाहेरगावी राहणार होती. तिला २०,००० रुपये हवे होते. काम काय, तर लेझरने काचेवर झिंक ऑक्साइडचा थर बसवायचा.

"काचेवर धूर बसवायला वीस हजार? पोरीच्या लग्नाला ठेवा ना," एक आजी बोलल्या. त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही, पैसा सगळ्यांचा आहे. मग आम्ही पोरीलाच बैठकीत बोलावलं.

तिने सुरुवात भट्टीपासून केली. आपला भंडारा पितळी भांड्यांचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पितळ वितळायलाही जवळपास तेवढीच आच लागते. म्हणून मुशीतून जस्ताची वाफ निघते, हवेत पेटते आणि पांढरा, कापसासारखा धूर होतो. तेच झिंक ऑक्साइड. लेकराच्या अंगावर पुरळ आलं की लावायच्या पांढऱ्या मलमातही तेच असतं.

हे ऐकून आमच्या एक वहिनी गप्पच झाल्या. त्यांच्या सासऱ्यांना भट्टीच्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरायची, ताप यायचा, तोंडाला धातूची चव यायची. दुसऱ्या दिवशी बरे. घरचे त्याला हिवताप समजत. डॉक्टरांना भट्टीचं कधी कुणी सांगितलंच नाही. मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणी ओतकाम करत असेल तर हे जरूर सांगा, आणि भट्टीची जागा मोकळ्या हवेची ठेवायला लावा. धाप लागली तर मात्र घरी थांबू नका.

मग लेझर. आपण दिव्यावर वाटी धरून काजळ पाडतो, तसंच हे, पण फार नेमकं. झिंक ऑक्साइडची भुकटी दाबून, भाजून बत्तासा करतात. तो एका बंद भांड्यात ठेवून आतली हवा पंपाने ओढून घेतात आणि थोडा ऑक्सिजन सोडतात. बत्तासा फिरत राहतो आणि त्यावर लेझरचे ठोके पडतात. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले वीस-पंचवीस भाग, एवढाच एक ठोका! तेवढ्यात वरचा कण न कण उडतो, ज्योतीसारखा झोत उठतो आणि समोरच्या तापवलेल्या काचेवर बसतो. थर इतका पातळ की केसाच्या जाडीत असे शेकडो मावतील. काच आरपार दिसते, आणि त्यात थोडं ॲल्युमिनियम मिसळलं की तिच्यातून वीजही चांगली वाहते. काही सोलर पॅनेलमध्ये आणि गॅस ओळखणाऱ्या यंत्रांत असा थर वापरतात.

ही रीत जगात गाजली १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या बेलकोर संस्थेत टी. व्यंकटेशन यांच्या गटाच्या कामाने. आपल्याकडे पुणे विद्यापीठात डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी लेझरने थर बसवण्याचं काम केलं. त्याच विद्यापीठाला आता सावित्रीबाईंचं नाव आहे, हे ऐकल्यावर बैठकीत जरा कुजबुज झाली.

शेवटी १२,००० रुपये मंजूर झाले, उरलेले काम पाहून. आजींनी हो म्हटलं नाही, पण अंगठा दिला.

परवा पोरीचा फोन आला. पहिला थर सोलून निघाला, काच नीट धुतली गेली नव्हती. फोन स्पीकरवर होता. आजी म्हणाल्या, "वाटी घासल्याशिवाय काजळ धरते काय, बाई?" दुसरी काच तिने चढवली आहे. उरलेल्या ८,००० रुपयांचा विषय गुरुवारच्या बैठकीत घेतला आहे.