कागद वर जातो, खाली येत नाही

(यवतमाळ येथे केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. म्हणून मी घटनेवर बोलायचं नाही, असं घटनेत कुठं लिहिलेलं नाही.

पाचवी अनुसूची उघडा. परिच्छेद 3. अनुसूचित क्षेत्राचा कारभार कसा चाललाय, याचा अहवाल राज्यपालानं दर वर्षी राष्ट्रपतीला द्यायचा. 2 डिसेंबर 1985 च्या आदेशात आपल्या मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजीकडची गावं आहेत. म्हणजे कोलामाच्या पोडावरची उपासमार, गेलेली जमीन, कोरडी विहीर कायद्यानंच दिल्लीच्या टेबलावर पोचली पाहिजे. पण पोडावर जाऊन विचारा : राज्यपालानं तुमच्याबद्दल काय लिहिलं? म्हातारी तोंडाकडं बघत राहील. तिच्या नावचं पत्र तिला सोडून सगळ्यांना गेलं.

दुसरा कागद बघा. 2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात पडले. सरकारनं अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या हाताखाली विशेष तपास पथक नेमलं. चौकशी झाली, अहवाल झाला. तुमच्यापैकी कुणी वाचलाय? हात वर करा.

पाठीवर पंप कुणाच्या होता? ज्याला स्वतःचं वावर नाही, रोजावर जातो, त्याच्या. त्याला हातमोजे कुणी द्यायचे होते? न देणाऱ्याचं काय झालं? हे कागदात असेल तर आपल्याला दिसलं पाहिजे. नसेल तर ते नाही, हेही दिसलं पाहिजे.

गोदीत पेटी हलली की टॅलीवाला खूण करतो. पेटी फुटली की लगेच पंचनामा. माझ्या जोडीदाराचं बोट चेंगरलं तेव्हा मुकादम म्हणाला, फडकं बांध. मालाची नोंद होते, माणसाची राहून जाते. म्हणून सांगतो, नोंद ही मोठी चीज आहे. मोर्चा संध्याकाळी घरी जातो, फाईल पन्नास वर्षं कपाटात बसून राहते.

2005 चा माहितीचा कायदा आपल्या हातात आहे. अर्जाला दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत. उत्तर तीस दिवसांत. 2012 पासून महाराष्ट्रात नियम आहे : एका अर्जात एकच विषय, शब्द दीडशे. हजारो वर्षांचं दुःख दीडशे शब्दांत! हरकत नाही. कवीला तेवढे पुरतात.

एक अर्ज राज्यपालांच्या कार्यालयाला, एक अमरावतीच्या आयुक्तालयाला. भाषा साधी, सही ठसठशीत. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. आज इथून उठायच्या आधी लिहायला बसू. पेन मी आणलेत.