गुलाबी कूपन



संमेलनाचं अध्यक्षपद माणसाला एकदाच मिळतं, त्यामुळं ख्रिस्ती साहित्याच्या दशा-दिशेचं छापील भाषण तुम्ही घरी वाचा. मला जेवणाबद्दल बोलायचं आहे.

सकाळी नोंदणीच्या टेबलावर माझ्या हातात गुलाबी कूपन पडलं. मागं एसटीनं आलेले एक वयस्कर कवी होते, त्यांना पांढरं. गुलाबीला मांडवात खुर्ची आणि बिर्याणी, पांढऱ्याला मागच्या पत्र्याखाली उभ्यानं पुरीभाजी. कित्येक संमेलनं मी यावर पत्रं लिहितोय. उत्तर ठरलेलं: ‘व्यवस्थेचा भाग आहे.’ स्वागताध्यक्षांचा यात काडीचा दोष नाही. माणूस भला आहे, शिवाय मला मतंही त्यांनीच मिळवून दिली. दोष भोजन समितीचा.

करिंथच्या मंडळीत हेच चालायचं. प्रभुभोजनाला जमायचं, असलेल्यानं आधी खाऊनपिऊन तर्र व्हायचं, नसलेल्यानं उपाशी बघत राहायचं. पौलानं पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्यांची खरडपट्टी काढली. त्याच अध्यायातला भाकरीचा आणि प्याल्याचा भाग आपण प्रत्येक प्रभुभोजनाला वाचतो. त्याच्या आधीची खरडपट्टी बरोबर गाळतो.

व्यासपीठावर लक्ष्मीबाई टिळकांच्या तसबिरीला हार घातलाय. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात नवऱ्याकडं परत आल्या तरी त्यांनी स्वयंपाक-पाणी वेगळं ठेवलं होतं. सोवळं सुटायला वेळ लागला, तो त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त कुठं लपवला नाही. आपलं सोवळं मात्र आपण दोन रंगांत छापून घेतो, वर संमेलनाचा शिक्काही मारतो.

आमच्या मिशन कंपाउंडात नाताळची पंगत जमिनीवर बसायची. येईल तो शेजारी. वाढायला माझी आजी. विहिरीच्या दाव्यात आजीविरुद्ध खोटी साक्ष दिलेला गृहस्थ एकदा पंगतीत बसला. आजीनं त्याच्या भाकरीवर नळीचं हाड ठेवलं, रस्सा ओतला, पुन्हा फिरून आली आणि पुन्हा ओतला. घरी जाताना वाटभर त्याला शिव्या घातल्या. पुढच्या नाताळात परत तेच. क्षमा म्हणजे काय हे मला कुठल्या उपदेशापेक्षा त्या पळीनं जास्त शिकवलं. आमच्यातले काही विद्वान मात्र येशूनं सांगितलेल्या सत्तर गुणिले सात क्षमांचा हिशेब वहीत मांडून बसलेत आणि चारशे नव्वद कधी भरतात याची वाट बघताहेत. निवडणुकीनंतर त्यांनी माझा नमस्कारही घेतलेला नाही. ते इथंच आहेत, दुसऱ्या रांगेत. त्यांच्या खिशातही गुलाबीच आहे.

तर माझं कूपन हे मी माइकपाशी ठेवलं. ठराव संध्याकाळी बघू. आत्ता सतरंज्या मांडवात अंथरा, बिर्याणी आणि पुरीभाजी दोन्ही एकत्र आणा, आणि वाढायला भोजन समिती आधी उभी करा. समितीतले कोण आहेत, जरा हात वर करा बघू.