पगार, प्रवास आणि शक्तीचा जमाखर्च

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, इतिहास अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्या पंक्तीत माझा आजचा विषय काहीसा घरगुती वाटेल. प्रकृतीला दीर्घकाळ थकवा जडलेला असताना अधिक पगाराची, परंतु लांबच्या प्रवासाची नोकरी पत्करावी की नाही, हा तो विषय होय. मी वैद्य नाही आणि अर्थशास्त्रज्ञही नाही. मात्र एखाद्या प्रकरणावर टिपणी लिहिताना दोन्ही बाजू मांडाव्यात, आकडे तपासावेत आणि मगच अभिप्राय द्यावा, एवढी सवय सरकारी नोकरीने लावली आहे. त्याच रीतीने हे प्रकरण आपल्यापुढे ठेवतो.

पन्नास वर्षांपूर्वी मंडळ सुरू झाले तेव्हा दिल्लीतील आपली पुष्कळशी मंडळी सरोजिनीनगर, रामकृष्णपुरम् यांसारख्या सरकारी वसाहतींत राहत असत. कचेरी एका बसच्या टप्प्यात असे. पुढची पिढी खाजगी नोकऱ्यांत शिरली. घर मयूर विहारला किंवा रोहिणीला आणि नोकरी गुरुग्रामला किंवा नोएडाला, अशी विभागणी झाली. २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी अशी मेट्रो धावू लागली. २००९ मध्ये ती नोएडाला आणि २०१० मध्ये गुरुग्रामला पोहोचली. या सोयीबद्दल आपण कृतज्ञच आहोत. परंतु सोय झाली म्हणजे प्रवास संपतो असे नाही. पूर्वी जी नोकरी दूर म्हणून कोणी विचारातही घेतली नसती, ती आता ‘मेट्रोने जाता येते’ एवढ्यावर घेतली जाते.

आपण मराठी माणसे तर प्रवासाला भिणारी नव्हेच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, तेव्हापासून मुंबईकराचे आयुष्य रेल्वेच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. विरार ते चर्चगेट हे साठ किलोमीटरांचे अंतर वर्षानुवर्षे उभ्याने काटणारे नातेवाईक आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. त्यामुळे एखादा तरुण ‘मला इतका प्रवास झेपत नाही’ असे म्हणाला, की आपल्या तोंडून सहज निघते, ‘अरे, आम्ही नाही का केला?’ केला, हे खरे. पण निरोगी शरीराने केला. रोजच्या थकव्याला रात्रीच्या झोपेचा उतारा मिळत होता. आज मी ज्यांच्याविषयी बोलत आहे, त्यांना नेमका तोच उतारा मिळत नाही.

थकवा हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पंडुरोग, थायरॉइडचे विकार, मधुमेह, बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडखळणे, क्षयरोग, मनाचे नैराश्य, अशा कित्येक कारणांनी माणूस महिनोन्‌महिने थकलेला राहतो. यांपैकी बहुतेकांवर उपचार आहेत. म्हणून नोकरीचा विचार करण्यापूर्वी वैद्याकडे जाऊन पुरती तपासणी करून घेणे, ही पहिली पायरी. थकव्याचे कारण रक्तातील लोहाची कमतरता असेल, तर काही महिन्यांच्या औषधाने सारे गणितच बदलेल.

याशिवाय एक आजार असा आहे की त्यात नेहमीच्या तपासण्या निर्दोष येतात आणि माणूस मात्र खचलेला असतो. ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या नावाने तो ओळखला जातो. २०१५ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने त्याची लक्षणे निश्चित केली. सहा महिन्यांहून अधिक काळ कार्यशक्तीत मोठी घट, झोपूनही ताजेतवाने न वाटणे आणि श्रमानंतर प्रकृती अधिक बिघडणे, ही त्यांतील प्रमुख होत. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या अनेकांत अशीच लक्षणे दिसल्यामुळे या आजाराकडे जगाचे अधिक लक्ष गेले. यातील शेवटचे लक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. श्रमाचा परिणाम पुष्कळदा त्याच वेळी दिसत नाही. बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी तो अंगावर येतो. सोमवारची धावपळ बुधवारी अंथरुणाला खिळवते. हळूहळू व्यायाम वाढवीत नेण्याचा उपाय पूर्वी सांगितला जाई. २०२१ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी या आजारापुरता तो उपाय मागे घेतला आणि आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून दिवसाची आखणी करण्यास सांगितले. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही आपली म्हण पैशासाठी झालेली आहे. ती शक्तीलाही तंतोतंत लागू पडते.

आता हिशेबाकडे वळू. माझ्या कन्येपुढे गेल्या वर्षी हाच प्रश्न आला, म्हणून तिचेच उदाहरण घेतो. आकडे सोयीसाठी पूर्ण केले आहेत. एका दीर्घ तापानंतर तिला हा थकवा जडला होता. घरापासून पंचवीस मिनिटांवर नोकरी, हाती पगार ५०,००० रुपये. गुरुग्रामहून बोलावणे आले ते ६२,००० रुपयांचे. प्रवास मात्र घरापासून कचेरीच्या दारापर्यंत एका बाजूस एक तास चाळीस मिनिटे. मध्ये राजीव चौकला गाडी बदलणे आणि शेवटी रिक्षा.

वरवर पाहता बारा हजारांची वाढ. मेट्रो, रिक्षा आणि बाहेरचे खाणे यांचा वाढीव खर्च चार हजार धरला, तर उरले आठ हजार. प्रवासाचा वाढीव वेळ दिवसाला अडीच तास. महिन्याच्या बावीस दिवसांचे पंचावन्न तास. म्हणजे प्रत्येक जादा तासाची किंमत १४५ रुपये पडली. जुन्या नोकरीत कामाचे १९८ तास आणि प्रवासाचे सुमारे १८ तास मिळून तासाला २३१ रुपये पडत होते. नव्या नोकरीत कामाचे तेवढेच तास, प्रवासाचे सुमारे ७३ तास आणि खर्च वजा जाता ५८,००० रुपये. म्हणजे तासाला २१४ रुपये. पगार वाढला आणि तासाचे मोल मात्र घटले! शिवाय नव्या जागी साठलेली रजा नसते. महिन्यात चार दिवस बिनपगारी रजा पडली, तर आठ हजारांची ती वाढ जवळजवळ तेथेच संपते.

हा झाला कोणाही निरोगी माणसाचा हिशेब. थकलेल्या माणसाच्या वहीत आणखी एक स्तंभ असतो, तो शक्तीचा. त्याची दिवसाची पुंजी ठरलेली असते. प्रवास हा त्या पुंजीतून सकाळी सर्वांत आधी वसूल होणारा कर आहे आणि संध्याकाळी तो दुसऱ्यांदा वसूल होतो. गर्दीत उभे राहणे, जिने चढणे, आवाज, उन्हाळ्याची झळ, हिवाळ्यातील धुरकट हवा, या सर्वांची वजावट झाल्यावर जे उरते त्यात कचेरीचे काम, आणि त्यातूनही काही उरलेच तर घर. मेट्रोत महिलांसाठी २०१० पासून वेगळा डबा आहे, वृद्ध व दिव्यांग यांच्यासाठी राखीव जागाही आहेत. पण तरण्याताठ्या दिसणाऱ्या, हातीपायी धड असलेल्या व्यक्तीने बसायला जागा मागितली, तर लोक तिच्याकडे कसे पाहतात हे सांगायला नको. ज्याचा आजार चेहऱ्यावर दिसत नाही, त्याला तो उभ्यानेच सोसावा लागतो.

लांबच्या प्रवासाची भरपाई पगारातून होते, असे आपण गृहीत धरतो. कामाच्या सुखदुःखाप्रमाणे वेतन कमीअधिक होते, हा विचार ॲडम स्मिथने १७७६ मध्येच मांडला होता. परंतु ॲलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या पाहणीवरून २००८ मध्ये असे दाखविले की, ज्यांचा रोजचा प्रवास लांब, त्यांचे जीवनातील समाधान कमी असते आणि पगार किंवा घर यांच्या रूपाने त्याची पुरती भरपाई होत नाही. आमच्या सरकारचेच पाहा. २०१७ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार आमचा वाहतूक भत्ता वेतनस्तर आणि शहर पाहून ठरतो. घर दोन किलोमीटरांवर आहे की चाळीस, हे त्यात पाहिले जात नाही. अंतराचा भार ज्याचा त्यानेच वाहायचा असतो.

मग अशी नोकरी नाकारावीच काय? असा सरसकट अभिप्राय मी देणार नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. घराचे हप्ते थकलेले असतील, औषधोपचाराचा खर्च भागत नसेल, सध्याच्या ठिकाणी आरोग्यविमा नसेल आणि नव्या ठिकाणी असेल, सध्याची नोकरी आज आहे तर उद्या नाही अशी असेल, तर वाढीव पगार ही चैन नसून गरज ठरते. अशा वेळी नोकरी घ्यावी, पण अटी आधी ठरवून घ्याव्यात. आठवड्यातील किती दिवस घरून काम करता येईल, गर्दीची वेळ टाळून येण्याजाण्याची मुभा मिळेल का, आजारपणाच्या रजेचे नियम काय, हे नेमणूकपत्र स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारावे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात एकवीस प्रकारांची यादी आहे. या आजाराचे नाव तीत नाही. तेव्हा हक्क म्हणून मागण्यापेक्षा वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून विनंती करणे, हाच बहुधा व्यवहार्य मार्ग राहतो.

दुसरी सूचना अशी की, होकार देण्यापूर्वी तो प्रवास प्रत्यक्ष करून पाहावा, आणि तोही रविवारी दुपारी नव्हे, तर कचेरीच्याच वेळी. एक दिवस जाऊन येणे पुरेसे नाही, कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे परिणाम उशिरा दिसतो. शक्य तर तीन-चार दिवस ओळीने जावे आणि पुढचा आठवडाभर झोप, अंगदुखी, कामातील लक्ष यांची रोज दोन ओळींची नोंद ठेवावी. श्रमाने प्रकृती बिघडतच आहे असे दिसले, तर मात्र तेथेच थांबावे. तिसरा मार्ग घर हलविण्याचा. नव्या कचेरीजवळचे भाडे आठ हजारांनी जास्त असले, तरी पंचावन्न तास परत मिळत असतील तर तो सौदा महाग म्हणता येणार नाही. अर्थात मुलांची शाळा आणि वृद्धांची सोय पाहूनच हे ठरवावे लागेल.

माझ्या कन्येने चार दिवस तो प्रवास केला आणि पाचवा व सहावा दिवस अंथरुणात काढला. घरून काम करण्याची सवलत त्या ठिकाणी मिळण्यासारखी नव्हती. तिने नकार कळविला. तिचा थकवा गेलेला नाही. पण रात्री ती आमच्याबरोबर पानावर बसते आणि महिन्यातून एखादा रविवार मंडळाच्या वाचनालयात येते. आठ हजार रुपयांत हे विकत मिळाले नसते, असे तिचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. दुसऱ्या एखाद्या घरात याच आकड्यांवरून उलट निर्णय होईल आणि तोही योग्य असू शकेल. आकडे आपण सर्वांनी मिळून मांडावेत. शेवटची सही मात्र ज्याच्या अंगाला तो प्रवास लागणार आहे त्याचीच असावी.

आता थोडे आपल्याविषयी. गावी अशा माणसाच्या मदतीला काकू, मावशी, शेजारीपाजारी धावून येतात. येथे दूरदेशी घर तीन-चार माणसांचे. थकलेल्या माणसाने नोकरीही करावी, स्वयंपाकही करावा आणि पाहुणेही सांभाळावेत, अशी अपेक्षा नकळत होते. सून असेल तर विशेषच होते. प्रवासाची शक्ती वाचवून ती ओट्यापाशी खर्च व्हायची असेल, तर वाचवून उपयोग काय? घरातील कामांची नव्याने वाटणी करणे, हा या हिशेबाचाच भाग आहे. गणेशोत्सवाच्या तालमीला एखादी मुलगी आली नाही, तर तिला शिष्ट किंवा आळशी ठरवण्यापूर्वी एकदा विचारपूस करावी. एकाच भागात नोकरीला जाणाऱ्या सभासदांनी एकमेकांना गाडीतून न्यावे-आणावे. आजारी घरी चार दिवस डबा पोहोचविणे तर आपल्या महिला मंडळाला अवघड नाही. पन्नास वर्षांत आपण नाटके केली, वाचनालय उभारले, लग्ने जमवली. एवढेही आपण करू शकू.

पगाराचा आकडा पत्रावर छापून येतो, म्हणून तो सर्वांना दिसतो. शक्तीचा आकडा कोणी छापून देत नाही. तो ज्याचा त्याला मांडावा लागतो आणि घरच्यांना तो विश्वासाने मान्य करावा लागतो. नोकरी बदलण्याचा विचार आपल्या घरात पुढे येईल, तेव्हा पगाराच्या शेजारी हा दुसराही आकडा लिहिला जावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.