पुसलेल्या टेपमधला निरोप

बहारीनमधून, हमद टाउनहून बोलते आहे. तुम्ही मस्कतला असाल, लंडनला, टोरंटोला नाहीतर मेलबर्नला. कुणी पोळ्या लाटता लाटता ऐकत असाल, कुणी गाडीत. आज एका जुन्या ब्रिटिश टीव्ही मालिकेबद्दल बोलायचं आहे. विज्ञानकथा आहे, कृष्णधवल आहे, आणि तिच्या सात भागांपैकी एकच भाग आज पूर्ण शिल्लक आहे. तरीही मी तिची चाहती आहे. का, ते सांगते. बोलता बोलता आपण पुण्याला जाऊ, आणि फिरून इथे आखातात येऊ.

मालिकेचं नाव 'ए फॉर अँड्रोमेडा'. बीबीसीवर ऑक्टोबर १९६१ ते नोव्हेंबर १९६१ अशी ती लागली. गोष्ट थोडक्यात अशी. इंग्लंडमधल्या एका नव्या रेडिओ दुर्बिणीला आकाशातून संदेश मिळतो. जॉन फ्लेमिंग नावाचा तापट शास्त्रज्ञ तो उलगडतो. त्यात 'कसे आहात' वगैरे काही नसतं. असते ती एक प्रचंड संगणक बांधायची कृती. सरकार तो संगणक स्कॉटलंडमधल्या लष्करी तळावर बांधतं. मग संगणकच पुढची कृती देतो, सजीव घडवण्याची. शेवटी त्यातून एक तरुणी निर्माण होते, अँड्रोमेडा. ते काम करणाऱ्या ज्युली ख्रिस्ती या नटीची ही पहिली मोठी भूमिका. पुढे तिला ऑस्कर मिळालं. तिचा जन्म आपल्या आसाममधल्या चबुआचा, चहाच्या मळ्यावरचा.

संदेश येतो तो देवयानीच्या दिशेने. अँड्रोमेडा तारकासमूहाला मराठीत आपण देवयानीच म्हणतो. देवयानीचे वडील शुक्राचार्य, संजीवनी विद्या जाणणारे. जीव घडवणारी विद्या आणि ती कुणाच्या हाती द्यायची हा पेच, दोन्ही आपल्याकडच्या त्या नावात आधीपासून आहेत. मालिका लिहिणाऱ्यांना याची कल्पना असायचं कारण नाही, पण मराठी माणसाला ते नाव ऐकताना कच-देवयानी आठवल्याशिवाय राहत नाही.

लिहिणारे दोघं होते. एक जॉन इलियट, टीव्हीतले. दुसरे फ्रेड हॉयल, केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ. आपल्या घरात हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असतं: ते जयंत नारळीकरांचे गुरू. नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले आणि पुढे हॉयल यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. 'बिग बँग' हा शब्दही हॉयल यांचाच, १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवरच्या भाषणात वापरलेला. आणि गंमत म्हणजे तो सिद्धांत त्यांना स्वतःला पटत नव्हता.

आता तारखा जुळवून पाहा. १९६१ च्या सुरुवातीला केंब्रिजमधलेच रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी आकाशातल्या रेडिओ स्रोतांची मोजदाद पुढे ठेवली आणि हॉयल यांचा स्थिर स्थितीचा सिद्धांत मोडीत निघाला असं जाहीर केलं. हॉयल आणि त्यांचा तरुण विद्यार्थी नारळीकर त्याला उत्तर देण्यात गुंतले. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हॉयल यांची मालिका टीव्हीवर, रेडिओ दुर्बिणीवरच बेतलेली! दुर्बिणीने काही ऐकलं, ते खरं. पण त्याचा अर्थ काय, हा वाद ते दिवसा विद्यापीठात घालत होते आणि संध्याकाळी तोच लोकांच्या दिवाणखान्यात नेत होते. फ्लेमिंगची सगळी तगमग हीच आहे. संदेश मिळाला म्हणून आनंदाने नाचणारे पुष्कळ. 'हा पाठवणाऱ्याला काय हवंय?' असं विचारणारा तो एकटा.

हा प्रश्न नारळीकरांनी मराठीत आणला असं मी मानते. हे माझं वाचन, तुम्ही पडताळून पाहा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली आणि बक्षीस मिळवलं. आपल्याच नावाची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव! पुढे त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी आली. तिथे निरोप आकाशातून येत नाही, जमिनीतून येतो. खोदकामात एक पेटी सापडते, तिच्यात एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान असतं, आणि त्याच्या आधारे आपले शास्त्रज्ञ एक यंत्रमानव बांधतात. पुढे काय होतं ते सांगत नाही, घरातल्या मुलांबरोबर वाचा. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की गुरुशिष्याचं नातं कळतं. कृती मिळाली म्हणून रांधायलाच हवं का? आपली मुलं आज संगणकाला प्रश्न विचारून गृहपाठ करतात, तेव्हा हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीचा राहत नाही. नारळीकर सर २० मे २०२५ ला पुण्यात गेले. त्यांची आठवण काढायला ही चांगली जोडी आहे.

आणि इथे हमद टाउनमध्ये जमिनीतल्या निरोपाची कल्पना अगदीच दारातली वाटते. या गावाच्या कडेला दिलमून काळातली दफनटेकाडं आहेत, चार हजार वर्षांपूर्वीची. २०१९ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. यादीत सगळी मिळून ११,७७४ टेकाडं आहेत आणि काही क्षेत्रांच्या नावातच 'मदिनत हमद' आहे. भाजी आणायला जाता-येता आपण त्यांच्या शेजारून जातो.

मालिकेचा दुसरा भागही आखाताशी नातं सांगतो. १९६२ च्या उन्हाळ्यात 'द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू' लागली, सहा भागांची. अँड्रोमेडाच्या भूमिकेत आता सुझन हँपशर. फ्लेमिंग, त्याची सहकारी डॉनी आणि अँड्रोमेडा आझारान नावाच्या देशात नेले जातात. आझारान नकाशावर नाही. तेलाचा एक छोटा देश, परदेशी कंपनीच्या मुठीत सापडलेला. तेव्हा बहारीनमध्ये तेल सापडून तीस वर्षं झाली होती. जबल दुखानजवळची पहिली विहीर १९३२ ची. ब्रिटिशांचं संरक्षण संपून देश स्वतंत्र व्हायला अजून नऊ वर्षं होती. तो दिवस १५ ऑगस्ट १९७१. इंग्लंडमधल्या प्रेक्षकाला आझारान म्हणजे जगाचं दुसरं टोक. आपल्याला तो देश म्हणजे कामावर जाण्याचा रस्ता. तीच मालिका इथे बसून पाहिली की कोण दूर आणि कोण जवळ, हे उलटंपालटं होतं.

ही दुसरी मालिका पूर्ण टिकली. पहिली मात्र पुसली गेली. त्यात दुष्टपणा नव्हता. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती, म्हणून एक कार्यक्रम पुसून तिच्यावर दुसरा घ्यायचे. पुनःप्रक्षेपणावर कलाकारांच्या करारांची बंधनं होती, आणि घरी कॅसेट आणून मालिका बघता येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. जपून ठेवायचं कशाला? 'ए फॉर अँड्रोमेडा'चा सहावा भाग २००५ साली परत मिळाला. बाकीच्या भागांचे तुकडे आहेत आणि टीव्हीच्या पडद्यावरून काढलेले फोटो आहेत. ते फोटो क्रमाने लावून हरवलेले भाग डीव्हीडीवर उभे केले आहेत. पाहताना आपणही फ्लेमिंगसारखेच तुकड्यांतून अर्थ लावत बसतो. मला ते फार आवडतं.

'डॉक्टर हू' या दुसऱ्या प्रसिद्ध मालिकेचेही कित्येक भाग असेच गेले. त्यातले नऊ २०१३ साली परत मिळाल्याचं जाहीर झालं. कुठे मिळाले? लंडनमध्ये नव्हे, नायजेरियातल्या जोस शहरात. परदेशी दाखवायला फिल्मच्या प्रती पाठवल्या होत्या, त्या तिथे फळीवर पडून राहिल्या. घरी पुसलं गेलं ते परदेशात टिकलं.

मंडळी, हे वाक्य मला आपल्यासाठी सांगायचं आहे. फोन महाग होता तेव्हा आखातातल्या आणि गावाकडच्या घरांमध्ये पत्रांबरोबर कॅसेटी जायच्या-यायच्या. आजीचा आवाज, मागे कुकरची शिट्टी, शेजारच्या काकूंनी मध्येच विचारलेली खुशाली. गावाकडे घरं बदलली, माळे रिकामे झाले, त्या कॅसेटींवर कुणी गाणी भरली. पण इकडे आलेल्या कॅसेटी? त्या इथेच कुठेतरी आहेत, बॅगेच्या कप्प्यात, पासपोर्टच्या जुन्या फाइलीखाली. आजी ज्या बोलीत बोलली ती बोली, ज्या नावाने तिने तुम्हाला हाक मारली ते नाव, दुसऱ्या कुठल्याही फळीवर नाही.

तेव्हा एवढं करा. कॅसेट सापडली की आधी तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाका. मग चुकून तिच्यावर काही भरलं जाणार नाही. लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. फीत ज्यावर टेकते ती आतली फेल्टची गादी निसटली असेल तर वाजवू नका, जाणकाराकडे द्या. संगणकावर घेताना वेव्ह फाइल ठेवा, एमपीथ्री फक्त पाठवायला. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत राहू द्या. आणि प्रत्येक फाइलच्या नावात कोण बोलतंय, कधीचं, कुठून कुठे पाठवलेलं, हे लिहा. नाहीतर तुमच्या नातवाला अनोळखी ग्रहावरचा संदेश मिळेल आणि उलगडायला फ्लेमिंग मिळणार नाही.

हवा थंड झाली की नोव्हेंबरातल्या एखाद्या सुट्टीच्या संध्याकाळी मुलांना घेऊन दिव्यांपासून लांब जा, इथले असाल तर साखीरच्या वाळवंटाकडे. साधी दुर्बीण पुरते. डोक्यावर देवयानीत एक पुसटसा ढग दिसेल. ती दीर्घिका आहे, तिचा प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे पंचवीस लाख वर्षं झाली. मुलांना सांगा, निरोप उशिरा पोचला तरी चालतो. तो घ्यायला कुणीतरी घरी असलं पाहिजे.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर काळजी घ्या, आणि ती बॅग एकदा उघडून बघा. नमस्कार!