वेढ्यात विकत घेतलेले शेत



यिर्मयाचा ३२ वा अध्याय आपण आताच ऐकला. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा दिला आहे. शहर पडणार असे सांगितल्यामुळे यिर्मयाला राजाने पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडले आहे. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे. अनाथोथ यरुशलेमेपासून जेमतेम पाच किलोमीटर. म्हणजे त्या शेतात शत्रूच्या छावण्याच असणार. तरी यिर्मया १७ शेकेल रुपे, आजच्या मापाने सुमारे दोनशे ग्रॅम, तोलून देतो.

पुढचा भाग मला फार आवडतो. खरेदीखत लिहिले जाते, साक्षीदारांच्या सह्या होतात. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. बारूखाने ती मातीच्या मडक्यात ठेवायची, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. देवावर भाव ठेवणाऱ्याने कागदपत्रांकडे पाहू नये असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे!

आणि शंका? ती आहेच. खत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थनेत देवाला विचारतो की, शहर तर खास्द्यांच्या हाती जात आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? आधी पैसे दिले, मग हे विचारले.

आपल्या पाड्यांवर हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा लागतो. ज्यांना कोणी कधी कागदच दिला नाही, त्यांच्याकडे कागद मागायचा! नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाब, जुनी विहीर, बांध, पूर्वजांच्या समाधी हेही पुरावे धरले आहेत. पण हे पाड्यावर जाऊन कोणी सांगत नाही.

एका आजींचा दावा नामंजूर झाला. मुलगा-सून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. अपिलाला मुदत साठ दिवसांची. आजींनी गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, अपील केले, पोच पिठाच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, आणि पावसाळ्यात त्याच बांधावर आंब्याची चार रोपे लावली. मी विचारले, "आजी, जमीन राहिली नाही तर?" त्या म्हणाल्या, "देव बघंल. रोपाला पाणी तर घालायला पाहिजे."

देवाने यिर्मयाला सांगितले की या देशात पुन्हा शेते विकत घेतली जातील. पण शहर पुढच्याच वर्षी पडले आणि यिर्मयाला शेवटी मिसरात नेले गेले. ते शेत त्याने कसले, असे शास्त्रात कोठेही नाही.

आजींच्या सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. तालुक्याचे एसटी भाडे आणि झेरॉक्सचा खर्च आपल्या देणग्यांतून होतो, त्याबद्दल आभार. आता आपण उभे राहू या आणि त्या घरासाठी प्रार्थना करू या.