पगाराआधीचे कर्ज : दामदुपटीपासून मोबाइलपर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचा विषय गणित. तेव्हा व्याजाच्या एका प्रश्नावर बोलावे, असे मी ठरविले. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज आपण सारेच शाळेत शिकलो. परंतु उदाहरणातील व्याज आणि घरात शिरलेले व्याज यांत अंतर आहे. उदाहरणात मुद्दल, दर आणि मुदत या तिन्ही गोष्टी आधी सांगितलेल्या असतात. व्यवहारात त्यांपैकी एक तरी लपविलेली असते, आणि कर्जदाराचे नुकसान नेमके तेथून सुरू होते.

विषय आहे पगाराच्या आधी, पगाराच्या भरवशावर घेतलेल्या लहान रकमेच्या आणि अल्प मुदतीच्या कर्जाचा. महिन्याची वीस तारीख उलटली आहे, घरात आजारपण निघाले आहे किंवा शाळेची फी भरावयाची आहे आणि हाताशी पैसा नाही, अशी वेळ कोणत्याही पगारदार घरावर येऊ शकते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हा उपदेश अशा वेळी कामाचा नाही, कारण आजारपण अंथरूण मोजून येत नाही. म्हणून आरंभीच सांगतो, कर्ज घेणाऱ्याला दोष देण्यासाठी हे व्याख्यान नाही. त्याने काय घेतले आणि त्याची किंमत काय, एवढेच आपण मांडून पाहू.

या व्यवहाराचे सर्वांत रेखीव रूप अमेरिकेत दिसते. तेथे 'पेडे लोन' या नावाने हा धंदा चालतो. कर्जदार पुढल्या पगाराच्या तारखेचा धनादेश लिहून देतो किंवा खात्यातून रक्कम वळती करून घेण्याची परवानगी देतो, आणि शंभर डॉलरला साधारणतः पंधरा डॉलर फी देऊन दोन आठवड्यांसाठी रक्कम उचलतो. शंभराला पंधरा ऐकताना फारसे वाटत नाही. पण हे पंधरा डॉलर चौदा दिवसांचे आहेत. वर्षाच्या हिशेबाने हा दर सुमारे ३९१ टक्के होतो. 'व्याज' या शब्दाऐवजी 'फी' हा शब्द वापरला की मुदत नजरेआड होते, आणि मुदत नजरेआड झाली की दर कळेनासा होतो.

खरा धोका मात्र दरापेक्षा फेरनोंदणीत आहे. चौदाव्या दिवशी ११५ डॉलर एकरकमी फेडले तर पुढील पंधरवड्याच्या खर्चात तेवढीच तूट पडते. मूळ अडचण मिटलेली नसते, ती केवळ दोन आठवडे पुढे ढकललेली असते. म्हणून कर्जदार पुन्हा पंधरा डॉलर भरून मुदत वाढवून घेतो. असे आठ पंधरवडे गेले की १२० डॉलर फी भरून झालेली असते आणि शंभर डॉलरचे मुद्दल जसेच्या तसे उभे असते. तेथील ग्राहक वित्त संरक्षण मंडळाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा कर्जांपैकी ८० टक्क्यांहून अधिक कर्जांची चौदा दिवसांच्या आत मुदतवाढ झाल्याचे किंवा त्यांच्यामागोमाग दुसरे कर्ज उचलले गेल्याचे आढळले. म्हणजे एकदाच घ्यावयाचे म्हणून जे कर्ज विकले जाते, ते बहुधा एकदा घेऊन संपत नाही.

मित्रहो, ही युक्ती आपल्याला नवी नाही. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे. एका वेळी मागता येणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, म्हणजे सावकाराने एकूण दुपटीवर थांबावे, असा त्याचा आशय. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो आलेला आहे, आणि इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानला. पण या नियमाला एक पळवाट होती. व्याज मुद्दलाइतके होण्याआधी जुना रोखा फाडून थकलेल्या व्याजासह नवा रोखा लिहून घेतला की व्याजाचेच मुद्दल होई आणि दुपटीची मोजणी पुन्हा एकापासून सुरू होई. कालचा नवा रोखा आणि आजची मुदतवाढ यांत मला तरी तत्त्वतः फरक दिसत नाही.

या रोख्यांचा शेवट कोठे झाला तेही आपल्या इतिहासात नोंदलेले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, आणि दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. कर्जरोखे हिसकावून ते जाळण्यात आले. कागदात काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याला तो कागद जाळणे एवढाच उपाय सुचावा, ही गोष्ट शाळेच्या व्यासपीठावरून मुद्दाम सांगण्याजोगी आहे. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. तथापि, अनेक सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेण्याची वाट शोधली. कायद्याने एक दार लावले, पण शेतकऱ्याची गरज तशीच राहिली, आणि गरज जोवर उभी आहे तोवर दुसरे दार उघडतेच.

गरजेलाच वेगळे उत्तर देण्याचा एक प्रयत्न आपल्या वडोदऱ्यात झाला, आणि महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपणा मराठी लोकांना त्याचा अभिमान वाटावा असा तो आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८८९ साली, येथे येऊन राहिलेल्या काही मध्यमवर्गीय मराठी गृहस्थांनी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन केली. सभासदांनी थोडी थोडी बचत एकत्र करावी आणि अडचणीच्या वेळी त्यातूनच वाजवी व्याजाने एकमेकांस कर्ज द्यावे, एवढी साधी ती कल्पना. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा देशात १९०४ साली झाला. ही मंडळी त्याच्या पंधरा वर्षे आधीची. पुढे तिची बँक झाली, आणि शतक उलटून गेल्यावर ती बँक अडचणीतही सापडली. हेही सांगितले पाहिजे, कारण सहकार हा केवळ नावाने तारत नाही, हिशेब चोख असेल तरच तारतो. परंतु शेजाऱ्याची अडचण शेजाऱ्याच्या बचतीतून भागवावी हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

आता वर्तमानाकडे येऊ. आज सावकाराची पेढी आपल्या खिशातील मोबाइलमध्ये आली आहे. मागणी केल्यावर काही मिनिटांत पैसे खात्यात जमा होतात. जामीन नको, फेरी नको, कोणाला कळायला नको. बेकायदा अ‍ॅपवरील कर्जाचे एक नमुन्याचे उदाहरण घेतो. विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावे. कर्ज पाच हजार रुपयांचे, मुदत सात दिवस. 'प्रक्रिया शुल्क' म्हणून दीड हजार आधीच कापले, हातात आले साडेतीन हजार. सातव्या दिवशी पाच हजार परत करावयाचे. म्हणजे साडेतीन हजारांवर सात दिवसांचे दीड हजार. वर्षाचा दर काढा, तो २,२०० टक्क्यांच्या वर जातो. आता समजा, दर आठवड्याला दीड हजार भरून तीन वेळा मुदत वाढविली. अठ्ठाविसाव्या दिवशी स्थिती अशी : हाती आले ३,५०० रुपये, खिशातून गेले ४,५०० रुपये आणि देणे उरले ५,००० रुपये. हीच पाच हजारांची रक्कम नोकरांच्या पतपेढीतून द. सा. द. शे. १२ ने महिन्यासाठी घेतली असती, तर व्याज झाले असते ५० रुपये.

पैशाच्या या किमतीपेक्षा भारी किंमत अब्रूची आहे. अ‍ॅप उतरवून घेताना मोबाइलमधील नावे, क्रमांक आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागितली जाते, आणि घाईत ती दिली जाते. हप्ता थकला की त्या यादीतील नातलगांना, कचेरीतील साहेबांना, मुलांच्या शिक्षकांना संदेश जाऊ लागतात. छायाचित्रांत फेरफार करून ती धाडली जातात. पूर्वीचा सावकार शेत गहाण घेई. हा माणसाची ओळखच गहाण ठेवून घेतो. २०२० साली तेलंगणात अशा छळानंतर आत्महत्या घडल्या, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात हैदराबाद परिसरातील पोलिसांनी या धंद्यातील मंडळींवर छापे घालून अटका केल्या. काही हजार रुपयांसाठी माणसे जिवाला मुकली. म्हणून हा विषय केवळ अर्थशास्त्राचा राहत नाही.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये एक कार्यगट नेमला. त्याला पाहणीत सुमारे १,१०० कर्ज देणारी अ‍ॅप आढळली, आणि त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये नियम झाले व २०२५ मध्ये ते अधिक एकत्रित स्वरूपात आले. त्यांतील चार गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. पहिली, कर्जाची रक्कम कर्ज देणाऱ्या बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे, मधल्या कोणाच्या खात्यातून नव्हे. दुसरी, सर्व शुल्कांसह वर्षाचा दर टक्क्यांत सांगणारे पत्रक कर्जापूर्वी दिले पाहिजे. त्या पत्रकात नसलेले शुल्क नंतर लावता येत नाही. तिसरी, कर्ज घेतल्यावर विचार बदलला तर ठरलेल्या अवधीत, जो किमान एक दिवसाचा असतो, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार देऊन, दंडाविना बाहेर पडता येते. चौथी, मोबाइलमधील संपर्कयादी, संभाषणांची नोंद आणि छायाचित्रांचा संग्रह यांना अ‍ॅपने हात लावावयाचा नाही. जे अ‍ॅप यांतील एकही गोष्ट मोडते, त्याच्या दारात उभे राहू नये. छळ सुरू झालाच तर सायबर गुन्ह्यांसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर आणि रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर तक्रार करावी.

इंग्लंडचे उदाहरण येथे विचार करण्याजोगे आहे. तेथे हा धंदा फोफावल्यावर २ जानेवारी २०१५ पासून मर्यादा घातली गेली : दिवसाला ०.८ टक्क्यांहून अधिक आकार नाही, आणि व्याज, शुल्क, दंड सारे मिळून मुद्दलापेक्षा अधिक वसुली नाही. शंभर पौंड घेणाऱ्याने काही झाले तरी दोनशेच्या वर द्यावयाचे नाहीत. हीच आपली दामदुपट! फरक इतकाच की तेथे शुल्काला व दंडालाही मोजणीत धरले आणि फेरनोंदणीची पळवाट बुजविली. त्या धंद्यातील सर्वांत मोठी कंपनी, वोंगा, ऑगस्ट २०१८ मध्ये कोसळली. जुना विचार जुना म्हणून टाकावयाचा नसतो. त्यातील छिद्र बुजवून तो वापरावयाचा असतो.

परंतु १८७९चा धडा विसरून चालणार नाही. केवळ दार लावून भागत नाही. ज्याला वीस तारखेला दोन हजार रुपये हवे आहेत त्याने कोठे जावे, याचे उत्तर समाजाकडे हवे. बँकेला इतके लहान कर्ज परवडत नाही, आणि नातलगांकडे मागताना जीभ रेटत नाही. अ‍ॅप या संकोचावरच जगते. 'कोणाला कळणार नाही' हेच त्याचे मोठे आमिष, आणि सर्वांना कळविण्याची धमकी हेच त्याचे वसुलीचे हत्यार. म्हणून माझ्या मते पहिला उपाय हा की अडचण घरात बोलली जावी. बायकोपासून किंवा मुलांपासून लपविलेले कर्ज दुप्पट वेगाने वाढते, कारण ते फेडायला एकच माणूस असतो.

दुसरा उपाय संस्थेच्या हातचा आहे. आपल्या शाळेत शिक्षक आहेत, शिपाई आहेत, पालकांत गिरणीतले, दुकानातले, रिक्षा चालविणारे आहेत. दरमहा अल्प वर्गणीचा एक अडचणनिधी, लेखी हिशेब, वर्षातून एकदा तपासणी, आणि कर्जदाराचे नाव गुप्त राहील अशी व्यवस्था, एवढ्यावर १८८९ सारखा आरंभ आजही करता येईल. सोय किती झटपट होते यापेक्षा ती किती निर्मळ आहे हे त्यात पाहावे.

आणि तिसरा उपाय विद्यार्थ्यांकडे. तुम्ही आज घरी गेल्यावर, मी सांगितलेले पाच हजारांचे उदाहरण आईवडिलांसमोर सोडवून दाखवा. कर्ज घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावयाचे : हातात प्रत्यक्ष किती येणार, परत किती द्यावयाचे, आणि किती दिवसांत? या तिघांची उत्तरे मिळाली की दर आपोआप उघडा पडतो. जो ही उत्तरे देत नाही, त्याच्याकडून पैसे घ्यावयाचे नाहीत. गुरुजींनी या शाळेत अनेक पिढ्यांना त्रैराशिक शिकविले. ते एखाद्या घराचे रक्षण करू शकले, तर या व्याख्यानमालेचे सार्थक झाले असे मी समजेन.