बंद घराचें टपाल



घराला कुलूप असलें तरी पोस्टमन दाराच्या फटींतून पत्र आंत सरकवितो. ई-मेलला अशी फट नाहीं. घरचा संगणक बंद असेल, तर त्याकडे आलेलें पत्र जातें कोठें? पावसाळ्यांत ज्यांची वीज दोन-दोन दिवस जाते, त्यांना हा प्रश्न हौसेचा नाहीं. त्या पत्रांत मुलाखतीची तारीखहि असूं शकते.

या व्यवहाराचा नियम जॉन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं लिहिला. त्याचें सार एका शब्दांत सांगतां येईल : पोंच. टपाल वाहणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. घेणारा सर्व्हर 'स्वीकारलें' या अर्थाचा २५० हा आंकडा उलट कळवीपर्यंत पत्राचा भार पाठविणाऱ्या सर्व्हरवरच असतो. पोंच न मिळाल्यास तो पत्र रांगेंत ठेवून पुन्हां येतो. २००८ सालच्या सुधारित नियमाप्रमाणें दोन खेपांत निदान तीस मिनिटांचें अंतर असावें व प्रयत्न चार-पांच दिवस तरी चालावा. पुढें मात्र पत्र लिहिणाऱ्याकडे परत जातें.

म्हणून घरच्या संगणकालाच टपालघर करणें धोक्याचें. अर्ध्या तासानें येणारा पाहुणा आणि दहाच मिनिटें जागा असणारा यजमान यांची गांठ पडेलच, असें नाहीं.

त्यापेक्षां पेटी सदैव जाग्या असणाऱ्या सर्व्हरवर ठेवावी आणि घरच्या संगणकानें जाग येतांच तेथून पत्रें आणावीं. याच्या दोन रीती आहेत. आयमॅपमध्यें मूळ पत्र पेटींतच राहतें. पॉपमध्यें पत्रें घरीं आणून पेटी रिकामी करण्याची चाल आहे.

पण पत्रें उतरत असतांनाच वीज गेली तर? पॉपच्या १९९६ सालच्या नियमानें याची तजवीज केली आहे. संगणकानें रीतसर निरोप घेतल्यावांचून पेटींतील एकहि पत्र पुसावयाचें नाहीं. फार तर तेंच पत्र दोनदां येईल. दोनदां आलेलें पत्र त्रासाचें खरें, परंतु हरवलेल्या पत्राहून तें शतपटीनें बरें.

तेव्हां आपणहि तोच नियम पाळावा. घरीं प्रत आली तरी मूळ पत्र पेटींत दोन आठवडे राहूं द्यावें, आणि पेटी भरून तर गेली नाहीं ना, हें अधूनमधून पाहावें. कारण भरलेली पेटीहि बंद दारासारखीच. हातीं आल्याची खात्री झाल्यावांचून मागचें सोडूं नये, एवढें सांभाळलें म्हणजे वीज खुशाल जावो, पत्र जाणार नाहीं.